जहाज संध्याकाळी सुटणार आहे: परक्या बंदरात एका दिवसात स्वतःहून फिरणं आणि खरेदी

क्रूझवर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक धाकधूक असते: शहरात कुठे अडकलो आणि जहाज आपल्याला सोडून निघून गेलं तर? तेवढ्यासाठी बरेचजण जहाजाकडूनच सहल घेतात, चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये बसतात आणि हातात फलक धरलेल्या गाईडच्या मागे दिवस काढतात. या सहली वाईट नसतात, काही बंदरांत तर त्याच घ्याव्यात, आणि कुठे ते पुढे सांगते. पण बहुतेक बंदरांत स्वतःहून फिरणं सहज जमतं, स्वस्त पडतं आणि पाय जिथे रेंगाळतील तिथे रेंगाळता येतं. त्यासाठी मोठं धाडस लागत नाही, हिशेब लागतो. आणि तो उलटा मांडायचा असतो: जहाजावर परतण्याच्या वेळेपासून सुरुवात करून सकाळपर्यंत मागे यायचं.

वेळापत्रकातलं शहर आणि प्रत्यक्षातलं बंदर

तिकीट हातात आलं की पहिलं काम हे. वेळापत्रकात 'रोम' छापलेलं असतं, पण जहाज लागतं ते चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लोरेन्स साधारण ९० किलोमीटर. 'पॅरिस' लिहिलं असेल तर बंदर बहुधा ल हाव्र, आणि पॅरिस तिथून जवळजवळ २०० किलोमीटर. 'बँकॉक' बरेचदा लाएम चाबांग निघतं, शंभराहून जास्त किलोमीटरवरचं. 'बर्लिन'साठी जहाज वार्नेम्युंडेला थांबतं, तिथून रेल्वेने जायला तीनेक तास आणि यायलाही तेवढेच. व्हेनिसची गोष्ट आणखी वेगळी. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे मोठी जहाजं मार्गेराला लागतात किंवा थेट त्रिएस्ते, रावेना अशा दुसऱ्याच शहरात थांबतात. तेव्हा शहराचं नाव सोडून बंदराचं आणि शक्य असेल तर धक्क्याचं नाव शोधा. ते क्रूझ कंपनीच्या कागदांत बारीक अक्षरांत असतं. एकाच शहरात दोन-तीन धक्केही असू शकतात. सिंगापूरमध्ये मरीना बेचं टर्मिनल वेगळं आणि हार्बरफ्रंटचं वेगळं, आणि दोन्हीकडची मेट्रो स्टेशनंही वेगळी.

याच्या अगदी उलट, काही बंदरं अशी की उतरलं की शहर सुरू. माल्टातल्या व्हॅलेटामध्ये जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं आणि ५८ मीटर उंचीची बराक्का लिफ्ट तुम्हाला थेट जुन्या शहराच्या बागेत नेऊन सोडते. नेपल्समध्ये धक्क्यातून बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला उभा. पेनांगला स्वेटनहॅम धक्क्यावरून जॉर्जटाऊनच्या जुन्या वस्तीत चालत जाता येतं. कोटोरची तटबंदी धक्क्याच्या रस्त्यापलीकडेच आहे. दुब्रोव्हनिकला ग्रूझ बंदरापासून जुनं शहर तीनेक किलोमीटर, आणि सिटी बस पिले दरवाजापाशी सोडते.

अंतर कळलं की निर्णय सोपा होतो. चालत जाण्याजोगं शहर असेल किंवा अर्ध्या तासाची सार्वजनिक वाहतूक असेल, तर सहलीवर पैसे घालवू नका. तासा-सव्वा तासाचा प्रवास असेल तर एकच प्रश्न विचारा: आपली गाडी चुकली तर तिच्यामागून दुसरी आहे का, आणि तिने गेलो तरी जहाज मिळतं का? उत्तर 'हो' असेल तरच स्वतःहून जा. आणि जायलाच दोन-तीन तास लागत असतील, म्हणजे बर्लिन, पॅरिस, बँकॉक अशी प्रकरणं असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की जहाजाचीच सहल घ्यावी किंवा लांबचं शहर सोडून बंदराचंच गाव पाहावं. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबेलच असं नाही, आणि बहुतेकदा थांबत नाही.

घरूनच उरकायची कामं

व्हिसाचा नियम बंदरागणिक बदलतो. काही देश जहाजाच्या प्रवाशांना दिवसभरासाठी उतरू देतात, काही ठिकाणी व्हिसा नसेल तर जहाजावरच बसून राहावं लागतं, आणि एखाद्या देशाचा व्हिसा नसेल तर मुळात जहाजावरच चढू देत नाहीत. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागत असेल तर तो किती प्रवेशांचा आहे ते नीट पाहा. इटलीतून निघून मध्ये माँटेनेग्रोतलं कोटोर आणि मग क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक असा मार्ग असेल, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. अशा मार्गाला एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. तुर्कस्तान किंवा ब्रिटन मध्ये आलं तरी तेच.

दुसरं म्हणजे वार. जहाजाची तारीख बदलत नाही, पण प्रेक्षणीय स्थळांच्या सुट्ट्या असतात, आणि याचा फटका फार जणांना बसतो. रोमच्या दिवशी रविवार आला तर व्हॅटिकन संग्रहालय बंद असतं, महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा अपवाद. फ्लोरेन्समधलं उफ्फिझी कलादालन सोमवारी बंद. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. इस्तंबूलमध्ये तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद आणि ग्रँड बझार रविवारी बंद. म्हणजे खरेदीच्या आशेने रविवारी इस्तंबूलला उतरलात तर कुलपं बघून परतावं लागेल. मसाल्यांचा बाजार मात्र रविवारीही उघडा असतो, तेव्हा त्या दिवशी पावलं तिकडे वळवा. भूमध्य समुद्राकाठच्या लहान गावांत दुपारी दुकानं दोन-तीन तास बंद ठेवायची पद्धत आहे, तीही लक्षात असू द्या.

तिसरं, तिकिटं. कोलोसियम, पाँपेई, अक्रोपोलिस, व्हॅटिकन या सगळ्या ठिकाणी आता वेळ ठरवून तिकीट आधी घेणंच शहाणपणाचं. कोलोसियम आणि पाँपेईची तिकिटं नावावर असतात, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवं. अक्रोपोलिस आणि पाँपेई दोन्हीकडे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. तिकिटाची वेळ घेताना जहाज लागण्याच्या वेळेत किमान दीड-दोन तास जास्तीचे धरा, लांबचं शहर असेल तर प्रवास त्यावर वेगळा. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे तुम्ही उतरलात असं होत नाही. स्थानिक अधिकारी कागदपत्रं पाहून परवानगी देतात, मग गँगवे, म्हणजे उतरण्याची शिडी, उघडतो, मग रांग लागते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. वारा किंवा लाटा वाढल्या तर कप्तान बंदर वगळू शकतो, आणि करारात तो हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. त्यामुळे आगाऊ आरक्षण शक्यतो पैसे परत मिळतील असंच करा, विशेषतः जिथे जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकतं तिथे.

त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं आहेत तेही पाहून ठेवा. बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात. लहान गावात एकाच दिवशी तीन-चार मोठी जहाजं आली तर मुख्य रस्त्यावर चालायला जागा उरत नाही. असं असेल तर उतरण्याची घाई सार्थकी लागते: सकाळचे पहिले दोन तास तेवढे गाव तुमच्या वाट्याला येतं.

उलटा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा जहाज सकाळी ७ ला चिव्हितावेक्कियाला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं. बारा तास वाटतात ना? मांडून पाहू.

सुटण्याच्या वेळेला काही अर्थ नसतो. 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळे प्रवासी जहाजावर असायलाच हवेत ती, वेळ हीच तुमची वेळ, आणि ती सुटण्याच्या अर्धा तास आधी असते, कधी पूर्ण एक तास आधी. म्हणजे साडेसहा. त्याच्या आधी दीड तास मी कोऱ्या कागदासारखा मोकळा सोडते. त्या वेळेत काहीही ठरवायचं नाही. तेव्हा धक्क्यावर ५ ला हजर. स्टेशनवरून बंदराच्या दरवाज्यापर्यंत आणि तिथून बंदराच्या शटल बसने जहाजापर्यंत पाऊण तास धरा, म्हणजे चिव्हितावेक्किया स्टेशनवर सव्वाचारला. प्रादेशिक गाडीला रोमहून तासाभराच्या आसपास लागतो, म्हणजे व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनवरून सव्वातीनची गाडी. सकाळच्या बाजूने: साडेसातला उतरलात, सव्वाआठला स्टेशनवर पोचलात, गाडी मिळून साडेनऊला रोममध्ये. बारा तासांतले हातात उरले पावणेसहा. त्यातला एक तास जेवण आणि स्वच्छतागृहं यांत जातो. उरलेल्या वेळात व्हॅटिकन नीट पाहता येतं, किंवा कोलोसियम आणि फोरम नीट पाहता येतात. दोन्ही धरलंत तर दोन्हीकडच्या रांगा तेवढ्या पाहून याल.

प्रत्येक बंदरासाठी हाच कागद करा. पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, हिशेब सैल होतो: अथेन्सचं मध्य जेमतेम १० किलोमीटर, मेट्रोची हिरवी लाईन मोनास्तिराकीला नेते आणि २०२२ पासून निळी लाईनही पिरेअसपर्यंत आली आहे. तिथे शेवटचा मोकळा वेळ तासभर ठेवला तरी चालतो. लिव्होर्नोला मात्र फ्लोरेन्स आणि पिसा एकाच दिवशी गाठायचा मोह होतो. लिव्होर्नो स्टेशनवरून रेल्वेने पिसा २० मिनिटांच्या आत येतं, फ्लोरेन्सला दीड तास लागतो. माझ्या मते फ्लोरेन्स पूर्वी पाहिलेलं नसेल तर पिसा सोडून द्या, आणि दगदग नको असेल तर फ्लोरेन्स सोडून पिसा व लिव्होर्नो निवांत पाहा.

घड्याळ कोणतं?

हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण जहाज चुकण्यामागे बरेचदा हेच असतं. जहाजाची स्वतःची वेळ असते आणि ती स्थानिक वेळेशी जुळेलच असं नाही. इटलीतून ग्रीसला जाताना घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, आणि ते कधी करायचं ते जहाज ठरवतं. मोबाईल स्वतःच्या मनाने वेळ बदलतो. ग्रीसची काही बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला इतकी लागून आहेत की फोन समोरच्या किनाऱ्यावरचा टॉवर पकडतो. उन्हाळ्यात दोन्ही देशांची वेळ एकच असते, हिवाळ्यात मात्र एक तासाचा फरक पडतो, कारण तुर्कस्तान वर्षभर एकच वेळ पाळतं. उपाय साधा आहे: मनगटावर काट्यांचं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं, आणि गँगवेपाशी लावलेल्या फलकाचा फोटो. त्या फलकावर परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते.

पिशवीत काय

जहाजाचं कार्ड, कारण त्यावरच उतरताना आणि चढताना नोंद होते. फोटो असलेलं एक ओळखपत्र. पासपोर्टची रंगीत प्रत, व्हिसाच्या पानासकट. मूळ पासपोर्ट न्यायचा की तिजोरीत ठेवायचा, हे बंदरावर अवलंबून आहे. काही जहाजं तो स्वतःकडे जमा करून घेतात, काही देशांत तो जवळ बाळगावाच लागतो. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात हे लिहिलेलं असतं. त्याच पत्रकात 'पोर्ट एजंट' (त्या बंदरातला क्रूझ कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून एक नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो काढा आणि नंबर कागदावरही लिहून ठेवा. दिवस सुरळीत गेला तर त्याची गरज पडत नाही.

बँकेची दोन कार्डं, दोन वेगवेगळ्या खिशांत. थोडं स्थानिक चलन, लहान नोटांत. रोजच्या औषधांचा दोन दिवसांचा साठा. पाण्याची बाटली. आणि खरेदी करणार असाल तर घडी होणारी कापडी पिशवी. जहाजावरच्या बुफेतली फळं किंवा सँडविच मात्र पिशवीत टाकू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक विसरलेलं सफरचंदसुद्धा दंडाला कारण होतं: न्यूझीलंडमध्ये जागेवरच ४०० डॉलर.

फोनमध्ये शहराचा ऑफलाईन नकाशा आदल्या दिवशीच उतरवून ठेवा आणि जहाजाच्या धक्क्यावर खूण करा. समुद्रावर असताना फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला फोन जोडला गेला तर बिल अवाच्या सवा येतं.

उतरताना

धक्क्याला लागलेल्या जहाजावरून उतरणं सोपं. मालवाहू बंदर असेल तर आवारात चालायला मनाई असते आणि दरवाज्यापर्यंत शटल बस घ्यावीच लागते, कुठे फुकट, कुठे पैसे देऊन. बार्सिलोनात जहाजं लांबच्या धक्क्यावर लागतात आणि बस तुम्हाला कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते. शटल शेवटची किती वाजता, हे उतरतानाच विचारा आणि तोही आकडा कागदावर टाका.

टेंडर बोटीचं बंदर असेल तर हिशेबच बदलतो. जहाज दूर उभं राहतं, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाचे कागद मिळतात. सकाळी लवकर जाऊन क्रमांक घ्या. परतीची शेवटची टेंडर हीच तुमची मुदत, आणि शेवटच्या तासात धक्क्यावर लांबच लांब रांग असते.

सँतोरिनी हे याचं ठळक उदाहरण. सहलीवाल्यांना बहुधा अथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात, स्वतंत्र प्रवासी फिरा या गावाच्या खालच्या जुन्या बंदरावर उतरतात. तिथून वर जायला केबल कार, सहाशेच्या जवळपास पायऱ्या किंवा खेचरं. खेचरांवर बसू नका असं मी आग्रहाने सांगेन. उन्हात दिवसभर त्या पायऱ्या चढणाऱ्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. दुपारनंतर खाली उतरणाऱ्यांची केबल कारसाठी रांग तासभराहून लांबते, कारण सगळ्या जहाजांचे प्रवासी एकाच वेळी खाली येत असतात. गुडघे धड असतील तर उतरताना पायऱ्या हाच भरवशाचा मार्ग. चांगले धरून ठेवणारे बूट हवेत, दगड गुळगुळीत आहेत.

टॅक्सी

दरवाज्याबाहेर पडताच टॅक्सीवाले गराडा घालतात. पहिल्या घोळक्यातून हसून पुढे जा. शंभर-दोनशे मीटर चाललं की भाव उतरतात. बसण्याआधी चार गोष्टी ठरवा: रक्कम कोणत्या चलनात, ती माणशी की पूर्ण गाडीची, एका बाजूची की परतीसकट, आणि थांबण्याचा वेळ किती. आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवा. परतीसाठी तोच चालक ठरवलात तर सगळे पैसे शेवटी, धक्क्यावर पोचल्यावर द्या. अंतर जवळ असेल तर मी बसच पसंत करते. क्रीट बेटावरच्या हेराक्लिओनहून क्नोसोसचे प्राचीन अवशेष पाच किलोमीटरवर आहेत, २ नंबरची बस दारात नेते.

खरेदी

बंदराच्या दिवसात दुकानं तीन पट्ट्यांत पसरलेली असतात. पहिला पट्टा टर्मिनलमध्ये आणि अगदी धक्क्यासमोर: सगळ्या बंदरांत सारखाच माल, सगळ्यांत चढे भाव. दुसरा पट्टा शहराच्या मुख्य पर्यटन रस्त्यावर. तिसरा, त्या रस्त्याच्या मागच्या दोन-तीन गल्ल्यांत, जिथे गावातली माणसं स्वतः खरेदी करतात. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत जाण्याइतका वेळ काढता आला तर खरेदीत अर्थ आहे. नाहीतर चुंबक आणि टोप्या तुम्हाला पुढच्या बंदरातही मिळतील.

जहाजावर खरेदीविषयी भाषणं होतात, नकाशे वाटतात, 'शिफारस केलेली दुकानं' सांगतात. ती दुकानं त्या यादीत येण्यासाठी बहुधा पैसे मोजतात. त्यांच्या नकाशाचा रस्ते शोधायला उपयोग करा, दुकान निवडायला नको. दागिने आणि रत्नं याबाबत तर माझं मत ठाम आहे: रत्नांची पारख स्वतःला नसेल तर सहा तासांच्या मुक्कामात रत्न विकत घेऊ नये. घरी आल्यावर फसवणूक कळली तरी परत जाऊन भांडणार कोण? सोनं त्या मानाने सोपं, कारण शुद्धतेचा शिक्का वाचता येतो: ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४ कॅरेट, आणि चांदीवर ९२५. ग्रँड बझारमध्ये सोन्याचा भाव वजनावर चालतो आणि त्यावर घडणावळ. घासाघीस करायची ती घडणावळीवर, म्हणून त्या दिवसाचा सोन्याचा भाव सकाळीच पाहून ठेवा.

'शुल्कमुक्त' या पाटीलाही भुलू नका. कर नाही म्हणजे किंमत कमी असं समीकरण नाही. कॅमेरा, घड्याळ, अत्तर यांच्या घरच्या किमती फोनमध्ये लिहून न्या आणि जागेवर ताडून पाहा.

मग घ्यायचं काय? जे तिथेच बनतं आणि जे बनताना पाहता येतं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेला व्हेनेतो प्रांताने 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे चिन्ह दिलं आहे, ते नसेल तर दुकानदाराला विचारा की ही काच कोणत्या भट्टीतली. शेजारच्या बुरानो बेटाच्या लेसच्या नावाने खपणारा बराचसा माल यंत्राचा असतो. हातची लेस उलट करून पाहिली की टाके एकसारखे नसतात, आणि किंमत ऐकून धक्का बसतो, कारण त्यामागे कित्येक दिवसांचं काम असतं. गालिच्यालाही हीच कसोटी लावा: मागची बाजू पाहा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्वच्छ दिसते आणि झालर ताण्याच्या धाग्यांचीच असते, वरून शिवलेली नसते. गालिचा जहाजाने घरी पाठवून देतो असं दुकानदार म्हणाला तर तुम्ही पाहिलेला तोच येईल याची खात्री कशी? मागच्या बाजूला स्वतःची सही करा, फोटो काढा, आणि शक्य असेल तर घडी घालून बरोबरच न्या.

मापं घरून घेऊन निघालात तर खरेदीत निम्मा वेळ वाचतो. टेबलाची लांबी-रुंदी, ज्यांच्यासाठी अंगठी घ्यायची त्यांच्या बोटाला गुंडाळलेला दोरा, मुलांच्या पावलांचे कागदावरचे ठसे. दुकानात उभं राहून 'बसेल का' हा विचार करण्यात जाणारी मिनिटं गाव पाहायला उपयोगी पडतात.

आधी बघणं की आधी खरेदी? सगळे सांगतात की खरेदी शेवटी करा, म्हणजे ओझं वागवावं लागत नाही. मी यात एक भर घालते. हाताने बनवलेली, एकच नग असलेली वस्तू जिथे मनात भरली तिथेच घ्या. परत येताना तो कारागीर दुपारचं दुकान बंद करून गेलेला असतो. बाकीची खरेदी शेवटच्या तासात, आणि ती जहाजाच्या बाजूच्या गल्ल्यांत, म्हणजे वेळ संपत आला तरी तुम्ही धक्क्याच्या जवळ असता.

घासाघीस जिथे रीत आहे तिथे करा, आणि हसतमुखाने करा. तुम्ही म्हटलेल्या किमतीला दुकानदार तयार झाला की ती वस्तू घ्यायलाच हवी, हा तिथला शिष्टाचार आहे. जहाजाचं कार्ड गळ्यात लटकवून दुकानात शिरू नका. ते दिसलं की तुमच्याकडे वेळ किती कमी आहे हे समोरच्याला कळतं.

कार्डाने पैसे देताना यंत्रावर कधी दोन रकमा दिसतात: एक स्थानिक चलनात, एक तुमच्या घरच्या चलनात. स्थानिकच निवडा. दुसऱ्या पर्यायात दुकानाच्या बाजूची बँक आपल्या मर्जीचा दर लावते. चलन कोणतं चालतं हेही आधी पाहा. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी तिथे युरो चालतो. क्रोएशियातही २०२३ पासून युरोच आहे. बंदर सोडताना नाणी उरवू नका, ती पुढे बदलून मिळत नाहीत.

कर परताव्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण क्रूझवर यात गोंधळ होतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना संघातल्या देशांत घेतलेल्या मालावरचा व्हॅट परत मिळू शकतो. किमान खरेदीची रक्कम देशागणिक वेगळी, स्पेनमध्ये तर ती अटच नाही. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो, आणि काही दुकानं प्रत चालवून घेत नाहीत. म्हणून मोठी खरेदी ठरलेली असेल तर मूळ पासपोर्ट न्या. माल न वापरता, खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत संघाबाहेर जायला हवा, आणि कस्टमची नोंद संघातून शेवटचं बाहेर पडताना होते. प्रत्येक बंदरावर नाही. तुमची क्रूझ बार्सिलोनाला संपून तिथूनच विमान असेल, तर इटलीतल्या फॉर्मचीही नोंद बार्सिलोना विमानतळावर, आणि तीही बॅग देऊन टाकण्याआधी, कारण माल दाखवावा लागू शकतो. ग्रेट ब्रिटनमध्ये दुकानातून मिळणारी ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

काही वस्तूंना हात लावू नये. प्रवाळ, कासवाच्या पाठीचे दागिने, हस्तिदंत, मगरीच्या कातड्याच्या पिशव्या: दुकानात उघड विकायला असल्या तरी संकटग्रस्त जिवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारामुळे परवान्याशिवाय त्या सीमेवर जप्त होऊ शकतात. तुर्कस्तान आणि ग्रीसमधून जुन्या वस्तू, नाणी, अवशेषांजवळ पडलेला दगडाचा तुकडासुद्धा उचलून आणणं गुन्हा आहे. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले बाटलीत भरून नेले तर ३,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. इटलीत पदपथावर चादर पसरून बसलेल्यांकडून नकली ब्रँडची पर्स घेतली तर दंड घेणाऱ्यालाही होतो, काही हजार युरोपर्यंत.

जहाजावर परतताना सगळं सामान यंत्रातून जातं. दारूची बाटली ठेवून घेतात आणि बहुधा शेवटच्या रात्री केबिनमध्ये आणून देतात. सुरे, शोभेच्या तलवारी, मेणबत्त्या, इस्त्री अशा वस्तूही थांबवतात. ताजी फळं, झाडं, माती जहाजावर येऊ देत नाहीत. सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा, घरच्या कस्टमला दाखवायला उपयोगी पडतात.

खिसेकापूंचं भान मात्र दिवसभर हवं. बार्सिलोनाची ला राम्ब्ला, रोमकडे जाणारी भरलेली गाडी, अथेन्सची मेट्रो ही त्यांची आवडती ठिकाणं. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी.

उशीर झालाच तर

गाडी रद्द झाली, रस्ता अडला, संप झाला. कळताक्षणी पोर्ट एजंटला फोन करा, जहाज सुटल्यावर नव्हे. तुम्ही कुठे आहात, किती जण आहात, केबिन क्रमांक काय, किती मिनिटांत पोचाल एवढंच सांगा. जहाज दहा-पंधरा मिनिटं थांबेल अशी खात्री कोणी देणार नाही, पण तुम्ही वाटेत आहात हे त्यांना कळलेलं बरं. पैसे वाचवायची ही वेळ नाही, टॅक्सी करा.

तरीही जहाज गेलंच, तर धक्क्यावर किंवा बंदराच्या कार्यालयात जा. केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवून जाण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे, तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारा. पुढचं बंदर कोणतं आणि तिथे पोचायला विमान, रेल्वे की फेरी, हे एजंट सांगू शकतो. खर्च तुमचा असतो, म्हणून प्रवास विमा घेताना त्यात जहाज चुकण्याचं कलम आहे का ते वाचा. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथे जमिनीवरून किंवा विमानाने शिरायला व्हिसा लागतो का, हा प्रश्न तिकीट काढण्याआधीच सोडवा. जहाजाच्या प्रवाशाला मिळणारी सवलत तुम्हाला तिथे लागू होत नाही. पासपोर्ट मिळालाच नाही तर त्या शहरात किंवा राजधानीत असलेल्या आपल्या दूतावासाचा पत्ता हवा, आणि तो त्या घाईत शोधण्यापेक्षा एजंटच्या नंबराखाली, त्याच कागदावर, आदल्या रात्रीच लिहिलेला असावा.